पित्ताच्या गांधी, थायरॉइड आणि तुझा प्रश्न

प्रिय डॉक्टर,

तुझ्या पेशंटचा रिपोर्ट वाचला. चार महिन्यांपासून रोज अंगावर पित्ताच्या गांधी उठतायत, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) नॉर्मल आहे, पण अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरोधी अँटीबॉडी, चांगलंच वाढलेलं. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी, सुरू करू का, असं तू विचारतेस. करू नकोस. गांधींसाठी तर नकोच.

या दोन आजारांचं नातं खरं आहे. 1983 मध्ये आर्थर लेझनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. सहा आठवड्यांहून जास्त गांधी उठणाऱ्यांमध्ये थायरॉइडविरोधी अँटीबॉडीज इतरांपेक्षा जास्त सापडतात, हे पुढे ठिकठिकाणी दिसत गेलं. पण थायरॉइड बिघडलं म्हणून गांधी उठल्या, असा सरळ हिशेब मांडू नकोस. जी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते, तीच त्वचेतल्या मास्ट पेशींनाही, म्हणजे हिस्टॅमिन साठवणाऱ्या पेशींनाही, डिवचते. काहींच्या रक्तात टीपीओ या थायरॉइडमधल्या एन्झाइमविरुद्धचं आयजीई (ॲलर्जीत दिसणारी अँटीबॉडी) सापडतं, तर काहींच्या रक्तात मास्ट पेशीवर आयजीई जिथे चिकटतं त्या रिसेप्टरविरुद्धचं आयजीजी (अँटीबॉडीचाच दुसरा प्रकार). वाट कुठलीही असो, हिस्टॅमिन हे खाज आणि सूज आणणारं रसायन सुटतं आणि पेशंट रात्रभर खाजवत बसते.

उद्या तिचं टीएसएच वाढलं, तर थायरॉइडची गोळी थायरॉइडसाठी दे. सकाळी उपाशीपोटी, आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. त्यात काहींच्या गांधीही कमी होतात, पण तसा शब्द तिला देऊ नकोस. तूर्तास दर वर्षी टीएसएच बघ, आणि लग्न ठरलंय किंवा मूल हवंय म्हणाली, तर त्याआधीही.

मग हा अँटी-टीपीओ कशाला करायचा? त्याच्या जोडीला एकूण आयजीई करून घे. अँटी-टीपीओ जास्त आणि आयजीई कमी निघालं, तर आजार ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारशक्तीच्या, वळणाचा असण्याची शक्यता वाढते. अशा पेशंटला नुसत्या अँटीहिस्टॅमिनवर बरं वाटेलच असं नाही. ओमालिझुमॅब या आयजीईला अडवणाऱ्या इंजेक्शनचा गुणही उशिरा येतो किंवा येतच नाही, मग सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा विचार करावा लागतो. हे तिला आधीच सांगितलंस, तर तीन महिन्यांनी ती वैतागून दुसरा दवाखाना धरणार नाही.

पण लॅबच्या आधी एक साधं काम कर. ओपीडीतच एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढ आणि दुसऱ्या दिवशी फोटो पाठवायला सांग. गांध 24 तासांच्या आत विरली पाहिजे, नवी हवी तिथे उठू दे. तीच गांध तिथेच राहिली, खाजेपेक्षा आग जास्त होत असेल, मागे काळा-निळा डाग राहत असेल, तर रक्तवाहिन्यांचा दाह आहे का ते बघायला बायोप्सी कर. नागपुरात मे महिन्यात आणखी एक गफलत होते. पारा 45 वर गेला की घामाबरोबर टाचणीच्या डोक्याएवढ्या पुळ्या उठतात आणि कूलरसमोर बसलं की तासाभरात जातात. तो उष्णतेने उठणाऱ्या पित्ताचा वेगळा प्रकार. त्यासाठी थायरॉइडच्या तपासण्यांवर पेशंटचे पैसे घालवू नकोस.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेते का, हे न विसरता विचार. बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटंच कमी येतं. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते बंद हवं. डोकं दुखलं की कोणती गोळी घेते, तेही विचार. ब्रुफेनसारख्या वेदनाशामकांनी काहींच्या गांधी भडकतात.

बरोबर आलेली मावशी एव्हाना तिचं वांगं, आंबट आणि तर्री बंद करून मोकळी झाली असेल. रोज आमसुलाचं पाणीही चोळत असतील. आमसुलाला माझी हरकत नाही. पण खाण्याशी ठोस संबंध दिसत नसेल, तर मुलीला तिचे तर्री पोहे खाऊ दे. माझा राग आहे तो मेडिकलवाल्याने परस्पर दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर. दोन दिवस जादू वाटते, मग गोळी सोडली की दुप्पट उसळी, आणि महिनाभरात चेहरा सुजायला लागतो. फारच भडकलं तर मोजके दिवस, तेही तुझ्या हाताने.

गुंगी न आणणारं अँटीहिस्टॅमिन रोज द्यायचं, खाज नसली तरी. दोन ते चार आठवड्यांत पुरेसा फरक नाही पडला, तर डोस चौपटीपर्यंत वाढवता येतो. जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडकायला लागला, तर तुला फोन न करता थेट कॅज्युअल्टीत जायचं, हे तिच्या घरच्यांना लिहूनच दे.

तिला एक वही कर म्हणावं. रोज गांधींना शून्य ते तीन आणि खाजेला शून्य ते तीन गुण, आठवड्याची बेरीज 42 पैकी. पहिल्या आठवड्याचा आकडा आणि आयजीईचा रिपोर्ट आला की मला कळव, मग डोसचं ठरवू.

तुझा,
सर