नांगर ट्रॅक्टरचाच भाग झाला तेव्हा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरमध्ये सर्वांत मोठा बदल कोणता झाला? जास्त एचपीचं इंजिन?

माझ्या मते इंजिन नव्हे, थ्री पॉइंट लिंकेज. त्याआधी बहुतेक ट्रॅक्टर नांगर नुसता मागे ओढत. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी तीन दांड्या (खाली दोन, वर एक) आणि हायड्रोलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, उचल यांनी नांगर ट्रॅक्टरलाच जोडला. शोध युद्धाआधीचा, पण तो शेतोशेती पोहोचला १९४६ पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनलेल्या त्यांच्या टीई-२० ट्रॅक्टरमुळे. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले.

यातली खरी करामत ड्राफ्ट कंट्रोलची, म्हणजे ओढीनुसार नांगर आपोआप वरखाली होण्याची. जमीन कडक लागली की नांगराची ओढ वाढते आणि टॉप लिंक, म्हणजे वरची दांडी, पुढे दाबली जाते. तिच्यामागची स्प्रिंग दबली की हायड्रोलिकचा व्हॉल्व्ह हलतो आणि नांगर किंचित वर येतो. नांगराचा भार मागच्या चाकांवर पडून पकड वाढते. म्हणूनच पंचवीस एचपीच्या आतला हलका ट्रॅक्टर नांगरटीला पुरू लागला. लहान शेतकऱ्याला ट्रॅक्टर परवडावा हा फर्ग्युसन यांचा ध्यास होता, आणि मला त्याचं मोल फार वाटतं.

प्रश्न : फोर्ड आणि फर्ग्युसन यांचं का बिनसलं?

फर्ग्युसन यांची ही जोडणी असलेले ट्रॅक्टर बनवण्याचा अमेरिकेच्या हेन्री फोर्ड यांच्याशी १९३८ मध्ये झालेला करार तोंडी होता. युद्धानंतर फोर्ड कंपनीने तो मोडला आणि १९४७ मध्ये तीच रचना वापरून ८-एन हा ट्रॅक्टर आणला. फर्ग्युसन कोर्टात गेले. १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

प्रश्न : क्लच दाबला तरी पीटीओ (मागच्या यंत्राला इंजिनची ताकद देणारा दांडा) फिरत राहतो, ही सोय कधीची?

१९४६ ची, कॅनडाच्या कॉकशट-३० या ट्रॅक्टरची. पूर्वी क्लच दाबला की मागचं यंत्रही थांबायचं आणि कापणीत पीक अडकायचं.

प्रश्न : आपल्याकडे ट्रॅक्टर बनायला कधी लागले?

१९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा. महाराष्ट्रात महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने १९६३ मध्ये कंपनी काढली. मुंबईच्या कांदिवलीत बनलेला बी-२७५ अनेकांना आठवत असेल.

प्रश्न : झाडाचं खोड उपटायला साखळी टॉप लिंकच्या जागी बांधली तर चालेल?

अजिबात नाही. ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या वर लागली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर क्षणात चालकावर उलटतो. साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढदांडीलाच, बांधा. अशा मृत्यूंमुळेच स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची केली. तुमच्या ट्रॅक्टरला ती असेल तर सावलीचं छत बसवण्यासाठी कापू नका.