संशोधक आणि गावकरी ‘मिळून ज्ञान निर्माण करतात’ म्हणजे सर्वेक्षणापेक्षा वेगळं नेमकं काय?

प्रश्न कोण ठरवतं, इथे खरा फरक आहे. सर्वेक्षणात प्रश्न बाहेरून छापून येतात आणि गावकऱ्यानं फक्त उत्तरं द्यायची असतात.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव बघा. गावचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते नाव अनेकांच्या कानावर असेल. तिथे ‘अभ्यासगट’ चालतात. गावकरी आणि बाहेरचे अभ्यासक एकत्र बसून जंगल, कायदा, मध असे विषय समजून घेतात. मधाचंच घ्या: पोळं जाळून मध काढला की माश्या मरतात, पुढचं उत्पन्नही बुडतं. अभ्यासगटातून माश्या न मारता मध काढायची पद्धत पुढे आली. झाडावर चढणाऱ्याचं कसब आणि अभ्यासकाचं कीटकशास्त्र, दोन्ही लागलं. चर्चा अभ्यासगटात झाली, तरी निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीनं. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे अशा अभ्यासाची मोठी शिदोरी होती.

हे सगळं संथ चालतं, हेही सांगायला हवं. एकाचाही विरोध असला की विषय पुन्हा चर्चेला. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात हे बसवणं अवघडच. त्यामुळे अहवालात ‘लोकसहभाग’ दिसला, की मी आधी विचारतो: विषय कुणी सुचवला होता, आणि निष्कर्ष गावाला त्यांच्या भाषेत परत मिळाले का?