वाचक विचारतात: जंताचं औषध वेळेवर, तरी पिल्लांना जंत का?

प्रश्न (पंचवटी): आमच्या कुत्रीला दर तीन महिन्यांनी जंताची गोळी देतो. विण्याआधी शी तपासली, अंडी नव्हती. तरी तीन आठवड्यांत सगळ्या पिल्लांची पोटं फुगली आणि एकाने शेवयांसारखे जंत ओकले. गोळी बनावट असेल का?

उत्तर: गोळीवर संशय घेऊ नका. ती जिथे पोहोचत नाही तिथे जंत दडले होते. शेवयांसारखे ते गोलकृमी, टॉक्सोकारा कॅनिस. कुत्रं लहान असताना अंडी पोटात गेली की अळ्या आतड्याची भिंत भेदून यकृत आणि फुप्फुसांतून फिरतात, घशात येतात आणि गिळल्या जाऊन परत आतड्यात उतरतात. वय वाढलं की शरीर त्यांना ओळखायला लागतं आणि बहुतेकींना आतड्यापर्यंत येऊ देत नाही. पण मारूनही टाकत नाही. त्या स्नायूंत, यकृतात, मूत्रपिंडांत थिजून राहतात. अँटीबॉडी आणि इओसिनोफिल पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) अंगाला चिकटल्या, की अळी साप कात टाकतो तसं वरचं आवरण सोडून निसटते. पेशी रिकाम्या आवरणाला धरून बसतात. दडलेली अळी अंडी घालत नाही, म्हणून शीचा रिपोर्ट स्वच्छ येतो.

गाभणपणाच्या साधारण 42व्या दिवसापासून या अळ्या जाग्या होतात आणि वारेतून पोटातल्या पिल्लांत शिरतात. अंकुशकृमी (आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत) तर दुधातून येतात. म्हणजे पिल्लू जन्मतः किंवा पहिल्या घोटापासूनच बाधित असतं, आणि त्याची प्रतिकारशक्ती अजून कोवळी असते.

औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात द्या, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. आईलाही पिल्लांबरोबरच द्या, कारण ती त्यांची शी चाटून साफ करते. एकदाच देऊन थांबणं ही नेहमीची चूक. औषध आतड्यातले जंत मारतं, फुप्फुसांत असलेले दहा-पंधरा दिवसांनी खाली उतरतात. फेनबेंडाझोल असेल तर किलोला 50 मिलिग्रॅम, सलग तीन दिवस: 2 किलोच्या पिल्लाला रोज 100 मिलिग्रॅम. अंदाजे चमचा भरू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. पोट फार फुगलेलं आणि पिल्लू मलूल असेल तर घरी औषध देऊ नका. एकदम मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो.

हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एक अंकुशकृमी दिवसाला 0.1 मिलिलीटरपर्यंत रक्त घालवतो. शंभर कृमी म्हणजे 10 मिलिलीटर, आणि एक किलोच्या पिल्लात एकूण रक्तच जेमतेम 80 ते 90 मिलिलीटर असतं.

पुढच्या खेपेला 40व्या दिवसापासून विल्यानंतर 14 दिवसांपर्यंत आईला रोज फेनबेंडाझोल देण्याची पद्धत आहे. मात्रा तुमच्या पशुवैद्यकांकडून ठरवून घ्या. घरात लहान मुलं असतील तर शी रोज उचला. गोलकृमीच्या अंड्याला बाधा करण्याजोगं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा अवधी आपल्या हातात असतो.

प्रश्न (सिडको): कुत्र्याच्या रक्तात इओसिनोफिल 14 टक्के, शीत मात्र काहीच नाही. काळजी करावी का?

उत्तर: नुसत्या टक्क्यांवरून ठरवू नका. एकूण पांढऱ्या पेशी 15,000 असतील तर 14 टक्के म्हणजे 2,100 झाल्या, आणि साधारण 1,250 च्या वर वाढ समजतात. जंत एवढा मोठा की कोणतीही पेशी त्याला गिळू शकत नाही. म्हणून इओसिनोफिल त्याला चिकटून अंगातली विषारी प्रथिनं ओततात, आतडं जास्त चिकट स्राव सोडतं आणि जंताला बाहेर ढकलू पाहतं. अळ्या शरीरात फिरत असतानाच हे सुरू होतं, अंडी त्यानंतर दिसतात. पिसवांच्या अ‍ॅलर्जीनेही आकडा वाढतो, तेव्हा शेपटीच्या बुडाशी केस विंचरून पाहा. शीची तपासणी दोन-तीनदा करा. नमुना ताजा हवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. उन्हाळ्यात अंकुशकृमीची अंडी दिवसभरातच फुटतात.

प्रश्न (गंगापूर रोड): गोचीड तापातून (बॅबेसिया) कुत्रा बरा झाला. तीन महिन्यांनी खाजेसाठी स्टिरॉइड दिलं आणि ताप उलटला. असं का?

उत्तर: बॅबेसिया गिब्सोनी हा गोचीडातून येऊन तांबड्या पेशींत राहणारा परोपजीवी बहुधा पूर्ण जात नाही. प्लीहा बाधित तांबड्या पेशी गाळत राहते आणि परोपजीवी थोड्या संख्येत दबून असतो. स्टिरॉइडने पहारा ढिला पडला. मात्र या आजारात शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींवर अँटीबॉडी चढवतं, त्यामुळे कधी कधी स्टिरॉइड मुद्दाम द्यावं लागतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही फक्त पुढे जिथे जाल तिथे पहिल्यांदा सांगा: याला बॅबेसिया झाला होता. प्लीहा काढण्याची वेळ आली तरीही हे आधी सांगायलाच हवं.

काचपट्टीवर परोपजीवी दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, पीसीआर (रक्तात परोपजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) करून घ्या. कानाच्या टोकाच्या रक्तात तो सापडण्याची शक्यता जास्त. लघवी कॉफीसारखी झाली तर थांबू नका.

गोचीड मात्र कुत्र्यापेक्षा घरात जास्त असतात. तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेनंतर खाली उतरून भिंतीच्या फटीत कात टाकतो आणि एक मादी 4,000 पर्यंत अंडी घालते. कुत्र्याला गोळी दिली आणि फटी तशाच राहिल्या, तर महिन्याभरात पुन्हा तेच. काढताना चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल नको, बोटांनी चिरडू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचं औषध वापरू नका, मांजराला ते जीवघेणं ठरतं.

प्रश्न (निफाड): जंतांसाठी रोज भाकरीत लसूण घालतो. चालेल?

उत्तर: बंद करा. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. अंकुशकृमी किंवा बॅबेसिया असेल तर रक्त आधीच कमी असतं, आणि त्या कुत्र्याला लसणाचा फटका सगळ्यात जास्त बसतो.