पांढरा पट्टा मागू नका, आम्ही मागितला होता

तुमची पोस्ट वाचायला घेतली आणि चौथ्या ओळीला म्हटलं, अरे हे तर आपलंच. नदीकाठचा पायरस्ता, सकाळची वेळ, तुमच्या आई कठड्याच्या बाजूने चाललेल्या, मागून सायकल आली, हँडल कोपराला लागलं आणि वर तोच म्हणतो "नीट बाजूने चालता येत नाही का". आणि आता तुम्ही सह्या गोळा करताय की मधोमध पांढरा पट्टा मारा, चालणारे इकडे, सायकली तिकडे. पोलिसात जा, फोटो काढा वगैरे वर सगळ्यांनी सांगितलंच आहे, ते परत लिहीत नाही. मी फक्त त्या पट्ट्याबद्दल लिहितोय, कारण आमच्याकडच्या अर्जावर पहिली सही माझी होती.

आधीच सांगतो, मी इंजिनियर नाही, वकील तर अजिबातच नाही. सकाळी त्या वाटेने चालतो आणि संध्याकाळी कामावरून सायकलने त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात, क्वालिफिकेशन एवढंच.

आमची वाट अडीच मीटर रुंद. अर्ज दिल्यावर आठ महिने कोणी ढुंकून पाहिलं नाही आणि मग एका रात्रीत पट्टा मारून मोकळे. एक मीटर चालणाऱ्यांना, दीड मीटर सायकलींना. आम्ही खूश, ग्रुपवर फोटो, एकमेकांचं अभिनंदन. आता जरा हिशोब करा, जो आम्ही आधी केला नाही. आमचा एक मीटर कठड्याच्या बाजूला. कठड्याला घासून कोणी चालत नाही, हातभर जागा आपोआप सुटते. उरला अर्धा-पाऊण मीटर. दोन माणसं बोलत बोलत शेजारी चालायची तर सव्वा ते दीड मीटर लागतो, बाबागाडी असेल तर अजून. म्हणजे जोडीतला एकजण कायम सायकलच्या भागात. आणि सायकलींचं तरी काय, हँडल साठ-सत्तर सेंटीमीटरचं असतं पण सायकल डुलते, म्हणून एकीला मीटरभर धरायचा. समोरासमोर दोन आल्या की दीड मीटरात मावत नाहीत, एक आमच्यात घुसणार. थोडक्यात दोघांनाही पुरणार नाही अशी वाटणी आम्ही सह्या करून मागून घेतली.

पण खरं नुकसान रुंदीचं नाही झालं. पट्टा नव्हता तेव्हा सायकलवाला मागून येताना जरा ब्रेक दाबायचा, कारण वाट कोणाचीच नव्हती, किंवा सगळ्यांची होती. पट्टा आल्यावर ती "त्याची लेन" झाली, मग कशाला हळू जाईल? वेग वाढला हे कोणालाही दिसत होतं. आणि आम्ही कमी नाही हां. एकदा शाळेतली एक मुलगी सायकलवरून डबकं चुकवायला पट्ट्याच्या आत आली, चांगली सावकाश, पाय टेकवत, आणि मी तिच्यावर ओरडलो. तिने काही केलं नव्हतं. फक्त रेघ ओलांडली होती. तो आवाज माझा मलाच ऐकवला नाही, पण त्या दिवसांत आमच्यातले सगळेच असे झाले होते, पट्ट्यावर नजर ठेवून चालायचे, नदी बघायची सोडून. आणि ज्यांना दिसत नाही त्यांना तर रंगवलेला पट्टा कळतच नाही, पायाला काही लागतच नाही ना. आमच्यातले एक काका पांढरी काठी घेऊन फिरायचे, ते यायचेच बंद झाले.

मग आम्ही पट्टा पुसायला सांगायला गेलो. (इथे माझा बीपी वाढतो, सांभाळून घ्या.) कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी शांतपणे फाइल उघडली आणि आमचाच अर्ज आमच्यापुढे ठेवला. "मागणी तुमची आहे, सह्या तुमच्या आहेत." बरं मग आता पुसा म्हटलं तर म्हणे बांध नदीवाल्या खात्याचा, वरची फरशी आमची, कठडा तिसऱ्यांचा, पुसायचा तर तिघांची ना-हरकत लागेल. मी विचारलं, रंगवताना लागली होती का? तर म्हणे तेव्हा तो विषय आला नव्हता. चौदा महिने हेलपाटे घातले. नदीवाले म्हणायचे रंग आमचा नाही. कठडावाल्यांनी तर आमचं पत्र आम्हालाच "योग्य कार्यवाहीसाठी" पाठवलं, खरंच पाठवलं, पाकिटासकट. शेवटी पट्टा पुसला तो पुराने आणि गाळाने. तोही अर्धाच.

तर माझं मत, नुसतं मत, तुमची जागा मी पाहिलेली नाही. सह्या गोळा करण्याआधी ती वाट कागदावर काय आहे आणि कोणाची आहे ते लेखी काढा. आम्ही हे शेवटी केलं, पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. फुटपाथ म्हटलं की आपल्याला वाटतं सायकल बंदच, पण तसं सरळ नसतं, देशागणिक आणि कधीकधी वाटेगणिक वेगळं असतं. इंग्लंडमध्ये 'पब्लिक फुटपाथ' म्हणून नोंद असलेल्या वाटेवर हक्क फक्त पायी जायचा, पण तिथे सायकल घातली तर तो साधारणपणे जमीनमालकाशी दिवाणी मामला होतो, गुन्हा नाही. रस्त्याला लागून असलेल्या फुटपाथवर मात्र तोच गुन्हा, आणि तोही १८३५ च्या कायद्याखाली. जर्मनीत निळ्या गोल पाटीवर माणूस आणि सायकल दोन्ही असतात, मधली रेघ आडवी असेल तर वाट एकत्र (पाटी नंबर २४०), उभी असेल तर वेगवेगळी (२४१). नुसती रेघ फिरली की नियम बदलला! आमच्याकडे पाटी एक सांगत होती आणि रंग दुसरंच, आणि भांडताना जो तो आपल्या सोयीचं दाखवायचा.

दुसरं म्हणजे मोजा. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवशी, एकेक तास, एकाच जागी उभं राहून. किती माणसं, किती सायकली हे लिहाच, पण मुख्य म्हणजे कोण कुठे दचकतं ते लिहा. आम्ही मोजलं (उशिरा!) तेव्हा कळलं की जवळपास सगळी भांडणं दोनच ठिकाणी होतात, पुलाखालच्या अंधाऱ्या वळणावर आणि जिथे वरच्या रस्त्यावरून उतार येऊन मिळतो तिथे. बाकीच्या वाटेवर लोक आपलं आपलं निभावून नेत होते, आणि पट्टा आम्ही मारून घेतला पूर्ण लांबीवर. पुलाखाली झुडूप छाटणं, दिवा, उताराच्या तोंडाशी जागा रुंद करणं, ही छोटी कामं मागा, त्यात फाइल कमी फिरते.

वेगाचा हिशोब तर तोंडपाठच ठेवा, मीटिंगमध्ये उपयोगी पडतो. ताशी २० किलोमीटरने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. माणूस दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, तिथेच आठ मीटर गेले, मग थांबायला अजून पाच, ते पण कोरड्या फरशीवर. ओल्या पानांवर विचारूच नका. तेच १२ ने आलात तर सात मीटरच्या आसपास थांबता. वळणावर समोरचं दहा मीटर दिसत असेल तर २० ने येणारा थांबूच शकत नाही, मग तो कितीही सज्जन असो. हे "सायकलवाले माजलेत" म्हणण्यापेक्षा जास्त चालतं, कारण ते पण मान हलवतात.

आडवे-तिडवे लोखंडी अडथळे मात्र मागू नका, प्लीज. दुसऱ्या एका गटाने मागितले होते. व्हीलचेअर अडकते, बाबागाडी अडकते, तीनचाकी सायकल अडकते, आणि ज्याला पळायचंय तो सायकल उचलून पलीकडे जातो.

सायकलवाल्यांना बोलवा. टीशर्ट घालून पळवणारा ग्रुप सापडतो, पण रोज कामाला जाणारे सापडत नाहीत आणि जास्त तेच असतात. त्यांना घाई असते, नदीचं कौतुक नसतं, वरच्या रस्त्यावर सुरक्षित लेन मिळाली तर ते खाली येणारच नाहीत. आम्ही हे मागितलंच नाही कधी, कारण आम्हाला ते समोरची पार्टी वाटत होते.

घंटीबद्दल एक, सायकलवाले वाचत असतील तर. पाठीशी येऊन वाजवू नका, माणूस दचकून जिकडे वळून बघतो तिकडेच सरकतो, म्हणजे तुमच्यापुढे. वीस मीटरवरून एकदा वाजवा, मग हळू व्हा, आणि ऐकू आलंच असेल असं धरू नका. चालणाऱ्यांनो, दोन्ही कानांत इयरफोन नको, आणि कुत्रा एका कडेला, आपण दुसऱ्या कडेला आणि मधे दोरी, हे तर नकोच नको, तिन्हीसांजेला ती दोरी दिसत नाही. मी त्यावरून पडलोय.

आईंच्या कोपराचं, सूज उतरली नसेल तर एक्स-रे काढून घ्या, आणि तारीख, वेळ, नेमकी जागा आजच्या आज लिहून ठेवा. सह्यांचा कागद अजून दिला नसेल तर थांबवा, पट्ट्याची ओळ खोडा आणि मग द्या.