वाचकांचे प्रश्न : दाराबाहेर थांबलेली मुले

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे. पाच आठवड्यांपूर्वी एका मित्राच्या घरी आम्ही वर्गातली बारा-चौदा मुले-मुली जमलो होतो. त्याचे आईवडील बाहेरगावी गेले होते. काही जणांनी दारू आणली होती. आमच्याच वर्गातल्या एका मुलीला ती फार चढली, म्हणून तिला आतल्या खोलीत झोपवले. नंतर पाणी पिण्यासाठी मी आत गेलो, तेव्हा त्या खोलीचे दार अर्धवट लोटलेले होते, बाहेर एक मुलगा उभा होता आणि आत आमच्यातलेच दोघे होते. जे चालले होते ते बरोबर नाही हे मला पाहताक्षणी कळले. ती हलत नव्हती. दाराशी उभा असलेला मुलगा हसून म्हणाला, “तू जा रे, इथे काही नाही.” उंबऱ्याशी तिच्या चपला होत्या, त्यांतली एक उलटी पडली होती. मी ती सरळ करून ठेवली आणि बाहेर येऊन बसलो. बस, एवढेच केले. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर एक फोटो आला, तो तासाभरात काढून टाकला गेला, पण माझ्या फोनमध्ये राहिला आहे. ती मुलगी तेव्हापासून वर्गात आलेली नाही. त्या दोघांपैकी एक माझा लहानपणापासूनचा मित्र आहे. तो म्हणतो, “तूही तिथे होतास, तोंड उघडलेस तर तूही अडकशील.” मी दोषी आहे का? आणि आता इतक्या दिवसांनी बोलून काही उपयोग आहे का?

उत्तर : तू दोन प्रश्न विचारले आहेस आणि तुझ्या मनात ते एकमेकांत गुंतून बसले आहेत. पहिल्याचे उत्तर वाईट निघाले तर दुसरा विचारण्याचा आपल्याला अधिकार उरणार नाही, अशी तुझी समजूत झालेली दिसते. ती आधी बाजूला ठेव. त्या रात्री तू काय केलेस किंवा केले नाहीस, त्यावर आज तुझ्या हातात काय आहे हे ठरत नाही.

तू पत्रात ‘जे चालले होते ते’ असे लिहितोस. त्याला नाव आहे. शुद्धीत नसलेली व्यक्ती कशालाही संमती देऊ शकत नाही, आणि तू लिहिले आहेस तसेच घडले असेल तर तो लैंगिक अत्याचार होता. गुन्हा सिद्ध करणे तपासाचे आणि न्यायालयाचे काम आहे, परंतु ज्याने पाहिले त्याने तरी स्वतःशी नेमका शब्द वापरावा, कारण ‘तसले काहीतरी’, ‘तो प्रकार’ असल्या शब्दांच्या आडोशाने गप्प राहणे फार सोपे जाते. ती हलत नव्हती, हे तू स्वतःच लिहिले आहेस. तिने ‘विरोध केला नाही’ असे उद्या कोणी म्हणाले तर हे वाक्य आठव. शुद्धीवर असलेल्या व्यक्तीचेही शरीर अशा वेळी पुष्कळदा थिजून जाते. स्टॉकहोममधील बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ७० टक्के स्त्रियांना अत्याचाराच्या वेळी अशी हालचाल गोठल्याची अवस्था लक्षणीय प्रमाणात अनुभवास आली होती.

आता तुझ्याविषयी. बघ्यांच्या वर्तनावर सर्वाधिक बोलले जाणारे प्रयोग जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून चर्चा करायला सांगितले होते, आणि मध्येच एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचे त्यांच्या कानावर घालण्यात आले. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के विद्यार्थी तो आवाज बंद होण्यापूर्वीच मदत बोलावण्यासाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्के होते. न उठलेले विद्यार्थी निर्विकार मुळीच नव्हते. प्रयोगकर्ता खोलीत आला तेव्हा त्यांतील अनेकांचे हात कापत होते आणि त्यांनी आधी त्या आजारी मुलाचीच चौकशी केली. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, दुसरा शांत दिसतो, म्हणून काही गंभीर नसावे असा निष्कर्ष काढतो, आणि तो दुसराही नेमके हेच करत असतो. तुझ्या बाबतीत तर दाराशी उभ्या असलेल्या मुलाने ‘इथे काही नाही’ असा निर्वाळाच देऊन टाकला होता.

हे सांगितले ते तुला पाठीशी घालण्यासाठी नाही. गर्दीत माणसे हातावर हात ठेवून उभीच राहतात, हा समजही पुढे पुरता टिकला नाही. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या शहरांतील सार्वजनिक जागी झालेल्या २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासले, तेव्हा दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी उपस्थित मध्ये पडलेला आढळला. तेव्हा ‘सगळेच असे वागतात’ हा आधार तू घेऊ नकोस. माणूस थिजतो हे खरे आणि माणूस मध्ये पडतो हेही खरे आहे.

तुझ्या पत्रातली ती चप्पल माझ्या मनातून जात नाही. तू वाकलास, ती सरळ केलीस. इथे काहीतरी उलटे झाले आहे आणि ते सरळ केले पाहिजे हे तुला उमगले होते, आणि तुझ्या हातून तेवढेच झाले. मला यात ढोंग दिसत नाही. पण ज्याला वाकून चप्पल सरळ करता आली त्याला खोलीतला दिवाही लावता आला असता, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. दोघांशी मारामारी करायला हवी होती असे मी म्हणत नाही, तशी अपेक्षाही कोणी करू नये. दिवा लावणे, “तुझे आईवडील आले” असे मोठ्याने ओरडणे, बाहेर बसलेल्या दोन मैत्रिणींना हाताला धरून आत आणणे, ‘तिला उलटी होते आहे, बाजूला व्हा’ म्हणून तिच्याजवळ जाऊन बसणे, किंवा गच्चीत जाऊन ११२ वर फोन करणे, यांतले काहीही चालले असते. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांना एक तरुण निपचित पडलेल्या मुलीवर अत्याचार करताना दिसला. ते थांबले, त्याला हटकले, तो पळू लागला तेव्हा त्याला पकडून पोलीस येईपर्यंत धरून ठेवले. त्या मुलीने पुढे न्यायालयात वाचलेल्या निवेदनात सांगितले की तिने दोन सायकलींचे चित्र काढून आपल्या पलंगाच्या वर चिकटवले आहे. तेही दोघे होते, एकटा नव्हता, हे लक्षात घे. अशा वेळी पहिले काम बहुधा आणखी एक माणूस जोडीला घेण्याचेच असते.

ती रात्र आता परत येणार नाही. पण ती मुलगी पाच आठवडे वर्गात आलेली नाही, म्हणजे तिच्यासाठी ते प्रकरण मिटलेले नाही. तिला त्या रात्रीचे किती आठवत असेल हे सांगता येत नाही. दारूमुळे स्मृतीत मोठी पोकळी राहू शकते, आणि तसे असेल तर स्वतःबरोबर काय घडले याची साक्ष तिच्याजवळ नसून तुझ्याजवळ आहे. फोटो पाहिलेल्या बारा-चौदा जणांपैकी प्रत्येक जण कदाचित असेच समजून बसला असेल की दुसरा कोणी बोलला असेल. वैद्यकीय पुरावा आणि गर्भधारणा किंवा एचआयव्ही टाळण्याचे उपाय यांच्या दृष्टीने पहिले ७२ तास मोलाचे असतात आणि ते निघून गेले, हे खरे. मात्र तपासणी, उपचार आणि मानसिक आधार यांची गरज ७२ तासांनी संपत नाही, आणि गुन्हाही शिळा होत नाही.

‘तूही अडकशील’ ही धमकी आहे, आणि मित्र देतो म्हणून ती सल्ला ठरत नाही. तू तिथे होतास एवढ्याने गुन्हेगार ठरत नाहीस. दाराशी पहारा देणाऱ्याची, फोटो काढणाऱ्याची आणि तो पुढे पाठवणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, त्यांना कायद्यापुढे उत्तर द्यावे लागू शकते. ती मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा, कायदा लागू होतो. त्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे. माहिती न देणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा होऊ शकते, परंतु ती तरतूद बालकांना, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या तुझ्यासारख्यांना, लागू नाही. सद्‍भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे. तुझी चौकशी होणारच नाही असे आश्वासन मी देऊ शकत नाही. होईल, कदाचित एकापेक्षा अधिक वेळा होईल. म्हणूनच एकट्याने जाऊ नकोस.

आज रात्री एक कर. वहीत त्या रात्रीचे जे आठवते ते लिहून काढ, अंदाज न बांधता, कोण कुठे उभे होते, कोण काय म्हणाले, साधारण किती वाजले होते. जे दिसले नाही ते ‘दिसले नाही’ असेच लिही. मग आई, वडील, मोठी बहीण, एखादे शिक्षक, ज्या मोठ्या माणसापुढे तुला सर्वांत कमी लाज वाटेल त्याला ते वाचून दाखव आणि त्याच्यासोबत पोलिसांकडे जा. पाय अडखळले तर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर आधी बोल. फोटो कोणालाही पाठवू नकोस, दाखवू नकोस, ‘पुरावा म्हणून’ सुद्धा ग्रुपवर टाकू नकोस, अल्पवयीन मुलीचे तसे चित्र बाळगणे आणि पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. घाबरून तो परस्पर पुसूनही टाकू नकोस. फोनमध्ये असा फोटो आहे हे पोलिसांना पहिल्याच भेटीत सांग आणि फोन त्यांच्या हवाली कर. मित्राला आधी कल्पना देण्याचा मोह होईल. तो टाळ, कारण त्यानंतर सगळ्यांचे फोन एका रात्रीत कोरे होतील.

त्या मुलीला ‘तुला काय आठवते’ असा मेसेज कृपा करून करू नकोस. ती अठरा पूर्ण असती तर मी तुला सांगितले असते की पोलिसांकडे जाण्यापूर्वी एखाद्या विश्वासू मैत्रिणीमार्फत तिची इच्छा समजून घे. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत कायदा तो निर्णय तिच्या हातात ठेवत नाही, आणि खरे सांगायचे तर हे मला नेहमीच थोडे खुपते. पण इथे फोटो फिरला आहे, करणारे दोघे रोज वर्गात येत आहेत आणि साक्षीदाराला धमकावतही आहेत. थांबून राहणे तिच्या हिताचे आहे असे मला कोणत्याच बाजूने दिसत नाही.

प्रश्न : आमच्या सोळा वर्षांच्या मुलीने एका सहलीत तिच्या मैत्रिणीवर एका मोठ्या मुलाने जबरदस्ती केल्याचे पाहिले आणि घरी येऊन आम्हांला सांगितले. वर्ष महत्त्वाचे असल्याने ‘आपण यात पडायचे नाही’ असे आम्ही तिला समजावले. आता ती आमच्याशी फारशी बोलत नाही. तिला यातून बाहेर कसे काढावे?

उत्तर : ती यात पडलेलीच आहे, ते तिने पाहिले त्या क्षणी. आपण तिला बाहेर काढलेले नाही, तिच्यासोबत दाराबाहेर येऊन उभे राहिला आहात, आणि तिच्या लक्षात ते आले आहे.

कायद्याचे सांगायचे तर आपली स्थिती आपल्या मुलीहून अवघड आहे. वर म्हटलेली सवलत बालकांना आहे, पालकांना नाही. तिची मैत्रीण अठरा वर्षांखालची असेल, तर तिने आपल्याला सांगितल्यापासून माहिती देण्याचे बंधन आपल्यावरही आले आहे, आणि ते न पाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जर्मनी आणि फ्रान्समध्ये संकटात सापडलेल्या कोणालाही शक्य असूनही मदत न करणे हाच गुन्हा आहे, आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही, पण बालकांच्या बाबतीत कायद्याने गप्प राहण्याची मुभा ठेवलेली नाही. सूडाची भीती हे आपल्या मौनाचे कारण असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेची चौकशी करावी, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये मान्य केली आहे.

मुलीचे वर्ष वाया जाईल ही काळजी मी हलकी मानत नाही. तिला जबाब द्यावा लागेल, पुढे साक्षीलाही जावे लागेल. मात्र आत्ताही तिचे लक्ष अभ्यासात असेल असे आपल्या पत्रावरून वाटत नाही.

तिच्याकडे जाऊन “आम्ही चुकीचे सांगितले” एवढेच म्हणावे. ‘पण आमचा हेतू’ हे शब्द त्याला जोडू नयेत. मग तिला जे पाहिले ते पुन्हा सांगू द्यावे, मध्ये प्रश्न विचारू नयेत, आणि ती तयार असेल तर तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहू द्यावे. त्यात शुद्धलेखनाच्यासुद्धा दुरुस्त्या करू नयेत. तो कागद घेऊन दोघांपैकी ज्याच्याशी ती अजून बोलते आहे त्याने तिच्याबरोबर जावे.