जुन्या ट्रॅक्टरला काट्याचे मीटर बसवावे की डिजिटल?

सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यातून आलेल्या आपल्या पत्राचा आशय असा की, जुन्या ट्रॅक्टरची मीटर-केबल तुटली, तापमान आणि ऑइल प्रेशरचे काटेही बंद पडले. काट्याची नवी मीटरे बसवून ३,४०० रुपयांत होतात, तर पूर्ण डिजिटल पॅनेलचे दुकानदार ११,५०० रुपये सांगतो. हा खर्च खरिपाच्या पीककर्जातून करावा का, असे आपण विचारले आहे. ट्रॅक्टर भाड्यानेही जातो, तासाला ८०० रुपये मिळतात आणि डिझेल व चालकाची मजुरी वजा जाता त्यांतले सुमारे २५० हाती उरतात, हेही आपण लिहिले आहे.

दोन्हींतला फरक ८,१०० रुपयांचा, म्हणजे भाड्याच्या ३२ तासांहून अधिक कामाच्या निव्वळ कमाईचा आहे. इंजिन वाचवण्यापुरते पाहिले तर एवढे जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. ऑइल प्रेशरचे यांत्रिक मीटर तेलाच्याच दाबावर चालते, त्याला बॅटरी लागत नाही. डिजिटल पॅनेलचा धोक्याचा इशारा देणारा बझर उपयोगी आहे खरा, विशेषतः चालक दुसरा असताना. परंतु तेलाचा दाब घटताच चालू होणाऱ्या प्रेशर स्विचला जोडलेला साधा बझर काट्याच्या मीटरांसोबतही बसवता येतो.

भाड्याच्या हिशेबात मात्र आपला प्रश्न खरोखर पैशाचा होतो. केबलवर चालणारे जुने तास-मीटर घड्याळाचा तास मोजत नाही, ते इंजिनच्या फेऱ्या मोजते. समजा ते मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या वेगाला पूर्ण तास धरणारे असेल आणि काम १,२०० फेऱ्यांवर चालले, तर घड्याळाच्या एका तासात मीटरवर ४८ मिनिटेच चढतात. मीटर पाहून पैसे घेणाऱ्याचे अशा प्रत्येक तासामागे १६० रुपये बुडतात. उलट रोटाव्हेटरला इंजिन १,५०० फेऱ्यांहून जास्त वेगाने फिरवले की मीटर घड्याळाच्या पुढे पळते आणि बांधावर वाद होतो तो शेतमालकाशी. डिजिटल पॅनेल खरा वेळ मोजते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पण तेवढ्यासाठी पूर्ण पॅनेल घेण्याची गरज नाही, कारण सुटा इलेक्ट्रॉनिक तास-मीटर हजाराच्या आत मिळतो. त्याची तार थेट चावीच्या स्विचला न देता, इंजिन सुरू असतानाच वीज मिळेल अशा ठिकाणी जोडून घ्यावी, नाहीतर चावी सुरू राहिलेल्या उभ्या ट्रॅक्टरचेही तास चढत राहतील. इंजिन ऑइल बदलण्याची नोंदही याच मीटरवरून ठेवता येईल. फेऱ्या दाखवणारा काटा केबलवरच चालतो, तेव्हा ३,४०० रुपयांत नवी केबल धरली आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उघड्या ट्रॅक्टरवर भर उन्हात तापलेला स्वस्त डिजिटल पडदा काळवंडू शकतो, आणि जुन्या आल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज वाढले तर आतले सर्किट जळण्याची भीती असते. ऐन पेरणीत एक काटा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पॅनेल बिघडले तर बहुधा सगळेच एकदम बंद होते. तापमानाचे विजेवर चालणारे मीटर घेतल्यास त्याच्याच जोडीचा सेन्सर घ्यावा, कारण जुन्या सेन्सरवर नवा काटा चुकीचे तापमान दाखवू शकतो. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही.

आता पीककर्जाविषयी. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला प्रत्यक्षात बिनव्याजी पडते, म्हणून ते फुकटचे वाटते. पण ते मुख्यतः बियाणे आणि खतासाठी असते, आणि कापसाला भाव येण्याची वाट पाहताना मुदत चुकली की ही सवलत मिळत नाही. साडेचार हजारांच्या आतला हा खर्च आपण उन्हाळी नांगरटीच्या भाड्यातून भागवावा.

ट्रॅक्टरचा थर्ड पार्टी विमा जूनमध्ये संपतो, असा उल्लेख आपण पत्राच्या शेवटी ओझरता केला आहे. डिजिटल पॅनेल न घेतल्याने वाचणाऱ्या पैशांवर पहिला हक्क त्या विम्याचा आहे. तो कायद्याने सक्तीचा आहे आणि विमा नसताना रस्त्यावर कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. नूतनीकरण करताना ट्रॅक्टर भाड्यानेही चालतो हे विमा प्रतिनिधीला स्पष्ट सांगावे आणि तो वापर पॉलिसीत बसतो की नाही, हे लेखी घ्यावे.