‘प्रत्येकाचं सत्य वेगळं’ असेल, तर खरं-खोटं आणि योग्य-अयोग्य याला काही अर्थ उरतो का?

तुमचा प्रश्न मी असा समजले. कॉलेजच्या सहलीची वर्गणी तुमच्या मित्राकडे जमा होती. हिशोबात १,८०० रुपये कमी आले. तुम्ही विचारलंत तेव्हा तो म्हणाला, ‘तुझं सत्य वेगळं, माझं वेगळं.’ तुम्हाला उत्तर सुचलं नाही, आणि तेव्हापासून ज्ञान, नीती, आपण स्वतः, सगळंच ज्याच्या-त्याच्या मानण्यावर आहे की काय, अशी शंका तुम्हाला खातेय.

मी तत्त्वज्ञान शिकलेली नाही. रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये १९ वर्षं काम करतेय. कारखान्यांची वजनं, काटे, मायक्रोमीटर आमच्याकडे येतात आणि ते किती बरोबर दाखवतात हे आम्ही तपासून लिहून देतो. माझे वडील, आबा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये मापाडी होते. शेतकरी एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, मध्ये काटा आणि काट्यापाशी आबा. म्हणजे ‘खरं किती?’ या प्रश्नावर आमच्या घरात दोन पिढ्या चूल पेटली आहे. तेवढ्या अधिकाराने लिहिते.

तुमच्या मित्राच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, आधी ते घेऊ. १०० मिलिमीटरची पोलादी पट्टी मे महिन्यात टेम्पोतून उतरवून, ३५ अंशांवर असतानाच मोजली, तर ती २० अंशांवर असते त्याहून सुमारे १७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांब भरते. तीच पट्टी रात्रभर लॅबमध्ये ठेवून सकाळी मोजली की हा फरक जातो. केसाच्या जाडीहूनही लहान आकडा, पण आमच्या कामात एवढ्यावर माल नापास होतो. आता संध्याकाळी मोजणारा आणि सकाळी मोजणारा भांडायला लागले, तर खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. दोघांनी फक्त तापमान सांगायचं राहिलंय. लांबीची मापं २० अंशांना धरून सांगायची, हा जगभरचा करार आहे. तापमान लिहिलं की दोन्ही आकडे एकाच पट्टीबद्दल, एकाच वेळी खरे ठरतात, आणि एकावरून दुसरा काढताही येतो.

जैनांचा स्याद्वाद मला याच कारणाने जवळचा वाटतो. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असं समजून लोक तो संशयवाद ठरवतात. पण तिथे त्याचा अर्थ ‘या अपेक्षेने’, ‘या बाजूने पाहता’ असा आहे. बाजू सांगितली की विधान पक्कं होतं. तुमच्या मित्राने ‘माझं सत्य’ म्हटलं आणि बाजू सांगितलीच नाही. त्याने पट्टी दाखवली, तापमान झाकलं.

‘पण माप तरी माणसांनीच ठरवलं ना?’ असं तो म्हणेल. हो, ठरवलं. १८८९ पासून जगाचा किलो म्हणजे पॅरिसजवळ तिजोरीत ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. त्याच्या प्रती देशोदेशी गेल्या, भारताकडची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभरेक वर्षांत मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांच्यात साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. आता बिघडलं कोण? मूळ ठोकळा हलका झाला असं म्हणायची सोयच नव्हती, कारण किलो म्हणजे तोच! यापेक्षा सापेक्ष गोष्ट दुसरी कुठली सापडेल? तरीही दोघांत पडलेला फरक सापेक्ष नव्हता. कुठल्याही देशाच्या माणसाने एकमेकांशेजारी ठेवून तोलले, तरी तो दिसायचाच. ‘ज्याचा-त्याचा किलो’ म्हणून कोणी विषय सोडून दिला नाही. अनेक वर्षं खपून लोकांनी २० मे २०१९ पासून किलो प्लँकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातल्या कधीच न बदलणाऱ्या एका आकड्याला, बांधला. एकक माणसांनी बनवलं, फरक माणसांनी बनवलेला नव्हता.

आणखी एक. आमच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर आकड्यापुढे ‘अधिक-उणे इतकं’ असं लिहिलेलं असतं. नवी पोरं विचारतात, मॅडम, आपल्याला नक्की माहीतच नाही असं लिहून द्यायचं? मी म्हणते, नाही, आपल्याला कुठपर्यंत माहीत आहे ते लिहून द्यायचं. एम-वन हा वजनांच्या अचूकतेचा एक वर्ग; त्यातल्या २० किलोच्या वजनाला १ ग्रॅमपर्यंत चूक चालते, २ ग्रॅम चालत नाही. पूर्ण अचूक आकडा कोणालाच सापडत नाही, म्हणून सगळे आकडे सारखे होत नाहीत.

आता ज्ञानाबद्दल. बाराव्या शतकातल्या श्रीहर्ष या तत्त्वज्ञाने एक उदाहरण दिलंय. एकाने मुठीत कवड्या लपवून विचारलं, किती? दुसऱ्याने उगाच ठोकून दिलं, ‘पाच.’ मूठ उघडली तर खरंच पाच. त्याला ते माहीत होतं का? आठशे वर्षांनी, १९६३ मध्ये, एडमंड गेटिअर या अमेरिकन तत्त्वज्ञाने तीन पानांच्या लेखात याच जातीचा पेच मांडला आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान अजून तो सोडवतंय.

हा पेच मी पुस्तकाआधी हाताने केलाय. २४ वर्षांची असताना, दुसऱ्या एका लॅबमध्ये, महिनाअखेरीला साहेबांनी एका कारखान्याच्या तराजूचं सर्टिफिकेट पुढ्यात सरकवलं. तराजूपर्यंत कोणी गेलंच नव्हतं. मागच्या वर्षीचे आकडे थोडे बदलून भरले होते. मी सही केली. तीन वर्षं ते डोक्यातून जाईना, म्हणून एका रविवारी त्या कारखान्यात जाऊन वजनं ठेवून पाहिली. तराजू बरोबर होता. आकडे जवळजवळ तेच आले.

मला हायसं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. कागदावरचा आकडा खरा होता, खोटं होतं ते खालचं माझं नाव. ते नाव म्हणत होतं, ‘मी पाहिलंय.’ तेव्हापासून मला ज्ञान आणि नीती ही दोन वेगळी खाती वाटत नाहीत. ‘मला माहीत आहे’ म्हणताना आपण समोरच्याला एक शब्द देतो, की मी मूठ उघडून पाहिली आहे.

‘ती मी नव्हेच, तेव्हा लहान होते’ असंही मनात आलं होतं. माणूस बदलतो हे खरंच आहे. माझी मतं बदलली, आडनाव बदललं. पण जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने ‘व्यक्ती’ हा शब्दच मुळी न्यायनिवाड्यातला आहे असं म्हटलंय, म्हणजे केलेल्याची जबाबदारी घेणारा तो ‘मी’. बाकी ‘मी कोण’ याचं उत्तर मला कधी सापडलं नाही, पण त्या सहीचा ‘मी’ कोण, यात शंका राहिली नाही.

योग्य-अयोग्याचा ठोकळा कुठल्या तिजोरीत नाही, हे मान्य. समजा, सहल चुकलेल्या एखाद्या गरीब मुलाला वर्गणीतून परस्पर पैसे दिले, तर ते योग्य की अयोग्य, यावर दोन भली माणसं भांडू शकतात. पण त्या भांडणाआधी पैसे नेमके कुठे गेले, हे दोघांना माहीत असावं लागतंच. तुमचा मित्र योग्य-अयोग्याच्या प्रश्नाच्या आडोशाने पैसे कुठे गेले हा प्रश्न टाळतोय. तुम्ही संशय घेतलात म्हणून तो दुखावला असेल, तर ते दुखणं त्याचंच, तिथे त्याचा शब्द शेवटचा माना. १,८०० रुपये मात्र दोघांचे वेगवेगळे असू शकत नाहीत.

शेतकरी तणतणत काट्यापाशी आला की आबा वाद घालत नसत. पोतं खाली उतरवायचे, रिकामा काटा शून्यावर आणून त्याला दाखवायचे, आणि मग त्याच्याच हाताने पोतं पुन्हा चढवायला सांगायचे. मित्राला चोर म्हणू नका. सगळ्या पावत्या टेबलावर घेऊन त्याच्याशेजारी बसा आणि पहिल्या वर्गणीपासून बेरीज त्यालाच करू द्या.